धातुशोधक यंत्र आणि आपली काळी जमीन

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्याला गावात जे प्रश्न विचारले जातात, त्यांपैकी एक आमच्या हिमायतनगर-किनवट भागात हमखास असतो : "सर, सोनं शोधायचं यंत्र घ्यायचं तर कोणतं घ्यावं?" विचारणारा कधी अकरावीतला मुलगा असतो, कधी त्याचे वडील. जुना वाडा, पडकी गढी, शेतातला एखादा ओटा यांच्याखाली गुप्तधन आहे अशी समजूत असली, की यंत्र विकणाराही कोठून तरी हजर होतो. तो सांगतो, "सोने असेल तरच वाजेल, आणि तीस फूट खोलवरचे दाखवील." यंत्रासाठी कर्ज काढणारेही आहेत. तेव्हा हे यंत्र काय करू शकते आणि काय करू शकत नाही हे आपण नीट पाहू या. त्यासाठी दहावीच्या पुस्तकातले विद्युतचुंबकीय प्रवर्तन पुरेसे आहे.

धातुशोधकाच्या टोकाला थाळीसारखी एक चकती असते. तिच्यात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. त्यामुळे चकतीखालच्या जमिनीत सतत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की फॅरेडेच्या नियमाप्रमाणे त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे गोल फिरणारे प्रवाह सुरू होतात. त्यांना आवर्त प्रवाह म्हणतात. या प्रवाहांचे स्वतःचे एक क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. दुसरे वेटोळे ते टिपते आणि कानाला लावलेल्या फोनमध्ये आवाज येतो. पहिल्या वेटोळ्याचा जोरदार परिणाम दुसऱ्यावर थेट होऊ नये म्हणून दोन्ही वेटोळी एकमेकांवर अशी काही सरकवून बसवतात, की तो परिणाम जवळजवळ शून्य होतो. तराजूची दोन पारडी समतोल असली की एक गुंजही कळते, तसाच हा प्रकार आहे.

ही युक्ती जुनी आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरातच राहिली. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असेच समतोल वेटोळ्यांचे यंत्र तयार करून गोळी शोधण्याचा प्रयत्न केला. प्रयोगशाळेत यंत्र उत्तम चालले, अध्यक्षांच्या खोलीत मात्र ते गोंधळले. त्यांच्या गादीखाली पोलादी स्प्रिंगा होत्या! शिवाय डॉक्टरांचा आग्रह उजवी बाजू तपासण्याचा होता आणि शवविच्छेदनात गोळी निघाली डावीकडे. यंत्र बरोबर असले तरी आसपास काय आहे हे ठाऊक नसेल तर त्याच्या आवाजाला अर्थ नाही, हे तेव्हापासून आजपर्यंत बदललेले नाही.

आता "सोने असेल तरच वाजेल" या दाव्याकडे वळू. यंत्राला धातूचे नाव कळत नाही. त्याला कळतो तो आवर्त प्रवाहाचा जोर, आणि तो मूळ क्षेत्राच्या किती मागे पडतो ते. हे दोन्ही तुकड्याच्या विद्युतरोधावर अवलंबून असते, तसेच त्याच्या आकारावर आणि जाडीवर. शुद्ध सोन्याची रोधकता सुमारे २.४ मायक्रोओहम-सेंटिमीटर आहे, ॲल्युमिनियमची सुमारे २.७. म्हणजे दोघे शेजारीच! सोन्यात तांबे किंवा चांदी मिसळली की त्याची रोधकता आणखी बदलते. त्यामुळे सोन्याची लहान अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची चिमटीने ओढायची ॲल्युमिनियमची कडी यांत भल्याभल्या यंत्राला फरक करता येत नाही. लोखंड चुंबकीय असल्यामुळे ते पुष्कळदा वेगळे ओळखता येते, पण तेही नेहमीच नाही. थोडक्यात, 'फक्त सोन्याला वाजणारे यंत्र' या तत्त्वावर बनवताच येत नाही. ज्याने बनवल्याचा दावा केला असेल, त्याने आधी ॲल्युमिनियमचे वेष्टण चुरगाळून त्यासमोर धरून दाखवावे.

खोलीचा दावा तर त्याहून सहज तपासता येतो. वेटोळ्यापासून दूर जावे तसे त्याचे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की क्षेत्र आठव्या हिश्श्यावर येते. पण एवढ्यावर भागत नाही. धातूत निर्माण झालेल्या क्षेत्राला परत वर यायचे असते, आणि परतीच्या वाटेवरही तीच घट असते. आठ गुणिले आठ, म्हणजे खोली दुप्पट केली की खूण चौसष्टाव्या हिश्श्यावर! एखादे नाणे २५ सेंटिमीटर खोलीवर जेमतेम ऐकू येत असेल, तर अडीच मीटरवर त्याची खूण ढोबळ हिशेबाने दहा लाखांश उरते. चांगल्या यंत्राला सुटे नाणे वीतभर, फार तर हातभर खोलीवर लागते. मोठा हंडा असेल तर थोडे अधिक. तीस फूट ही फक्त बोलण्यातली खोली.

येथपर्यंतचा हिशेब कोठल्याही देशाला लागू आहे. आता आपल्या जमिनीचा विचार करू, कारण खरी मौज तेथेच आहे.

हिमायतनगरहून किनवटच्या रस्त्याने सहस्रकुंडला गेलात तर पैनगंगा ज्या काळ्या कातळावरून कोसळते तो बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा हा दगड नांदेड-लातूरच्या बहुतेक भागाखाली आहे, आणि तो झिजून आपली काळी माती झाली आहे. या दगडात मॅग्नेटाइट नावाचे लोहखनिज बारीक कणांच्या रूपाने असते. पटत नसेल तर पाऊस उघडल्यावर ओढ्यात जा. जुन्या ध्वनिवर्धकातले चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते वाळूतून दोन-चार वेळा ओढा. पिशवीला काळ्या रेतीच्या मिशा फुटतील. पिशवी उलटी करून चुंबक काढले की रेती गळून पडते आणि कागदावर तिचा ढीग मिळतो. वर्गात दाखवायला हा प्रयोग फुकटचा आणि हमखास यशस्वी.

याच रेतीमुळे आपल्या जमिनीवर धातुशोधक बावरतो. चकती हलवली की खालची माती स्वतःच चुंबकित होते आणि त्याची खूण नाण्याच्या खुणेपेक्षा कितीतरी मोठी असते. कधी एखादा काळा धोंडाच ठणाणा वाजतो. यावर दोन उपाय आहेत. पहिला असा, की मॅग्नेटाइट क्षेत्राबरोबरच चुंबकित होते, फारसे मागे पडत नाही. धातूतील आवर्त प्रवाह मागे पडतात. तेव्हा यंत्राला असे जुळवून घ्यायचे, की मातीच्या वेळेवर येणाऱ्या खुणेकडे त्याने दुर्लक्ष करावे. याला जमिनीचा समतोल साधणे म्हणतात. दुसरा उपाय अधिक धूर्त आहे. क्षेत्र सतत न ठेवता त्याचे छोटे छोटे ठोके द्यायचे. ठोका संपला की मातीचा परिणाम जवळजवळ लगेच विरतो, धातूतले प्रवाह मात्र काही मायक्रोसेकंद रेंगाळतात. म्हणून दहाएक मायक्रोसेकंद थांबून मगच ऐकायचे. घंटेवर टोला मारून हात काढून घ्यावा आणि मग नाद ऐकावा तसे. ही स्पंदन-पद्धतीची यंत्रे वाईट जमिनीत खोलवर चालतात, पण त्यांना लोखंड नीट ओळखता येत नाही. खिळे आणि नाल उकरून उकरून पाठ मोडते.

मग सोने आहे कोठे? निदान बेसाल्टमध्ये शोधण्याजोगे नाही. दक्षिण भारतात ते सापडते अडीच अब्ज वर्षांहून जुन्या खडकांत, गारेच्या शिरांतून. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण तुम्ही ऐकली असेल. १९५६ पर्यंत रायचूर आणि आपले नांदेड एकाच हैदराबाद राज्यात होते. कोलारची प्रसिद्ध खाण २००१ मध्ये बंद झाली, हट्टीत मात्र उत्पादन चालू राहिले. महाराष्ट्रात नागपूर-भंडारा पट्ट्यात परसोडीच्या आसपास भूवैज्ञानिकांना सोन्याचे अंश मिळाले आहेत. नांदेडच्या देगलूर-बिलोलीकडे बेसाल्टखालचा जुना ग्रॅनाइट उघडा पडलेला दिसतो खरा, पण खडक जुना आहे एवढ्याने त्यात सोने आहे असे होत नाही.

अशा खाणीच्या तोंडाशी धातुशोधक नेला तर? एक टन खडकात ४ ग्रॅम सोने आहे असे धरा. खाणीच्या दृष्टीने हे वाईट नव्हे. सोन्याची घनता १९.३, म्हणजे ४ ग्रॅमचे घनफळ ०.२ घनसेंटिमीटर. सगळे एकत्र असते तर वाटाण्याएवढी गोळी झाली असती. पण ते विखुरलेले असते. एक दशांश मिलिमीटर व्यासाचे कण धरले तर त्या टनात सुमारे चार लाख कण होतील. इतक्या बारीक कणात आवर्त प्रवाहाला फिरायला जागाच नसते. दहा हजार हर्ट्‌झला चुंबकीय क्षेत्र सोन्यात साधारण ०.८ मिलिमीटर शिरते. त्याच्या मानाने कण फारच लहान असला तर खूण नगण्य होते. म्हणून भूवैज्ञानिक खडकाचे नमुने घेतात, त्यांची पूड करतात आणि रासायनिक परीक्षण करतात. बालाघाट-मंडला भागातले सोनझारी नदीची रेती लाकडी पाटीत धूत, आणि आपले झारेकरी सोनाराच्या दुकानातली धूळ धुतात. तेही विजेवर नव्हे, घनतेवर विसंबून. गार २.६५, मॅग्नेटाइट ५.२, सोने १९.३. पाणी हलके ते वाहून नेते.

सोन्याच्या शोधात निघालेल्यांच्या हाती कधी भलतेच लागते. १९१५ मध्ये सी. बीडन हे खाण-अभियंते याच रायचूर भागात फिरत असता त्यांना मस्की येथे एक शिलालेख आढळला. त्यात 'देवानांपिय' या बिरुदाबरोबर 'असोक' हे नावच कोरलेले होते. माझ्या मते त्या भागातून निघालेल्या कोणत्याही सोन्यापेक्षा ही प्राप्ती मोठी.

धातुशोधकाने सोने मिळते ते ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी. तेथे शिरांतले सोन्याचे गठ्ठे झीज होऊन वरच्या मातीत पडून राहिले आहेत. व्हिक्टोरिया प्रांतात किंगोअरजवळ १९८० मध्ये २७ किलोग्रॅमचा गठ्ठा धातुशोधकानेच सापडला, तोही हातभर खोलीच्या आत. तेथे छंद म्हणून शोधणाऱ्यालाही सरकारी परवाना घ्यावा लागतो.

आता निवडीचे बोलू. बारीक कण शोधायचे तर ५० हजार हर्ट्‌झच्या आसपास चालणारे यंत्र हवे. तेथे क्षेत्र सोन्यात जेमतेम ०.३५ मिलिमीटर शिरते, म्हणून लहान कणही खूण देतो. पण वाईट जमीन त्याला अधिक त्रास देते. नाण्यांसाठी दहा-वीस हजार हर्ट्‌झ ठीक. लाल किंवा काळी, लोहयुक्त जमीन असेल तर स्पंदन-पद्धतीचे. मोठी चकती खोल जाते, पण लहान कण तिला निसटतात. शाळेला प्रयोगासाठी घ्यायचे असेल तर साधे, पण जमिनीचा समतोल हाताने साधता येणारे घ्या. आपोआप सगळे करणाऱ्या यंत्रापासून विद्यार्थी काहीच शिकत नाही.

प्रवासात सर्वांत नाजूक भाग म्हणजे चकती. आतल्या वेटोळ्यांचा समतोल केसाएवढ्या अंतरावर टिकून असतो. एस.टी.च्या टपावर टाकू नका, कपड्यांत गुंडाळून मांडीवर घ्या. दांडा सुटा करा, तारेला तीव्र वळण देऊ नका. विमानाने जायचे असेल तर लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या सामानाच्या पेटीत चालत नाहीत, जवळच्या पिशवीत टोकांना चिकटपट्टी लावून न्याव्या लागतात. त्यांची मर्यादा साधारणपणे १०० वॉट-तासांची. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास एवढाच तो हिशेब : ७.४ व्होल्टची २.६ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे १९ वॉट-तासांची झाली. मुक्कामी पोहोचल्यावर आधी ओळखीच्या तुकड्यावर यंत्र तपासा, विजेच्या तारा आणि विहिरीच्या मोटारीपासून दूर.

कायदाही माहीत असू द्या. खनिजांच्या शोधाला १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमानुसार सरकारी परवानगी लागते. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. संरक्षित स्मारकात खणणे गुन्हा आहे. आणि गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी कृत्ये करणाऱ्यांसाठी राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

राहिली ती खोटी यंत्रे. मुठीत धरायची, पुढे लोंबती तार असलेली, पुष्कळदा बॅटरीही नसलेली. त्यांना अडाणीच फसतात असे समजू नका. 'एडीई ६५१' नावाचे असेच यंत्र बाँब शोधण्यासाठी इराक सरकारला विकले गेले. आत चालणारे काहीच नव्हते. त्याच्या ब्रिटिश विक्रेत्याला २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, पण तोवर त्या यंत्राच्या भरवशावर बगदादच्या नाक्यांवर गाड्या सोडल्या जात होत्या.

असे यंत्र गावात आले तर वाद घालू नका, परीक्षा घ्या. दहा सारख्या वाट्या उपड्या मांडा. यंत्रवाल्याला बाहेर पाठवा. एकाने एका वाटीखाली नाणे ठेवावे आणि तोही खोलीबाहेर जावा, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावरून काही कळायला नको. मग यंत्रवाल्याने वाटी दाखवावी. असे तीनदा करा. केवळ नशिबाने तिन्ही वेळा बरोबर येण्याची शक्यता हजारात एक. खरा धातुशोधक, कितीही स्वस्त असो, तिन्ही वेळा बरोबर दाखवतो. वाट्या मात्र मातीच्या किंवा कागदी घ्या, स्टीलच्या नकोत, आणि टेबल लाकडी असले तरी त्यात खिळे आहेत का ते आधी पाहा, नाहीतर अध्यक्ष गारफील्डच्या पलंगाची गत व्हायची.