दशांशचिन्ह आणि विमानाची वाट

अक्षांश-रेखांश हे केवळ नकाशापुरते असतात, अशी विद्यार्थ्यांची समजूत पुष्कळदा होते. वस्तुतः आकाशात विमानाला वाट दाखविणारे आकडे हेच होत. ते लिहिणाऱ्याचा संकेत एक व वाचणाऱ्याचा दुसरा असला, म्हणजे काय घडते, हे आपल्याच परिसरातील उदाहरणावरून पाहता येईल.

असीरगडाचा अक्षांश २१ अंश २८ मिनिटे उत्तर असा आहे. एखाद्याने तो घाईत ‘२१.२८’ असा नोंदविला आणि पुढच्याने तो दशांश अपूर्णांक म्हणून वाचला, असे समजू. अंशाची मिनिटे साठ, तेव्हा ०.२८ अंश म्हणजे जेमतेम १७ मिनिटे. फरक ११ मिनिटांचा पडला. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर. वैमानिक अंतर याच मैलात मोजतात. या हिशेबाने गड सुमारे २० किलोमीटर दक्षिणेस सरकून जवळजवळ बऱ्हाणपूरच्या अक्षांशावर येऊन बसतो! कागदावर ही गंमत वाटेल. परंतु गडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच आहे आणि बऱ्हाणपूर अडीचशे मीटरच्या आसपास. रात्री ढगांतून उतरणाऱ्या वैमानिकाने डोंगराच्या जागी मैदान मानले, तर परिणाम सांगावयास नको.

आपण नेमके कोठे आहोत याविषयीचा भ्रम किती महाग पडतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. ७ जुलै १९६२ रोजी मध्यरात्रीनंतर मुंबईकडे येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले व त्यातील सर्व ९४ जण मृत्यू पावले. मुंबई प्रत्यक्षात होती त्याहून जवळ आली आहे, अशा समजुतीने विमान वेळेपूर्वीच खाली आणले गेले, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

केवळ आकड्याच्या लेखनामुळे घडलेला अपघात मात्र ब्राझीलमधील आहे. विमानाची दिशा उत्तरेपासून उजवीकडे अंशांत मोजतात व ती तीन अंकांत सांगतात : पूर्व ०९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. ३ सप्टेंबर १९८९ रोजी वारिग कंपनीचे विमान माराबा येथून बेलेंकडे निघाले. उड्डाणाच्या कागदावर दिशा ‘०२७०’ अशी चार अंकांत छापली होती. शेवटचा अंक दशांशाचा. म्हणजे दिशा २७ अंश, उत्तरेच्या किंचित पूर्वेस. दशांशचिन्ह छापलेले नव्हते. मुख्य वैमानिकाने २७० वाचले व विमान पश्चिमेस वळविले. सहवैमानिकाने कागद न पाहता शेजारच्या यंत्रावरील आकडाच आपल्या यंत्रावर घेतला. संध्याकाळची वेळ होती. पश्चिमेस जाताना मावळता सूर्य समोर असणार, पण त्या साक्षीचाही उपयोग झाला नाही. अखेर इंधन संपून विमान रात्री ॲमेझॉनच्या अरण्यात उतरवावे लागले. विमानात ५४ जण होते. बहुतेक वाचले, पण सुमारे डझनभर प्रवासी प्राणास मुकले.

आमच्या मते यात सहवैमानिकाची कृती अधिक विचार करण्याजोगी आहे. दोन यंत्रे जुळली, पण ती एकाच चुकीवर जुळली. खसऱ्याची नक्कल तपासताना मूळ कागद न उघडता दुसऱ्या नकलेशी ताडून पाहिली, तर ‘तपासले’ ही सही निरर्थक ठरते. म्हणूनच विमानतळावरून मिळालेली सूचना वैमानिक जशीच्या तशी परत म्हणून दाखवितो, आणि ज्याने ती दिली तोच ऐकून चूक सुधारतो. दिशेचे अंकही सुटे उच्चारतात : शून्य, दोन, सात.

शिक्षकांनी हाच हिशेब रेखांशासाठी करवून घ्यावा. गडाचा रेखांश ७६ अंश १७ मिनिटे पूर्व आहे, तो ‘७६.१७’ असा वाचला तर गड पश्चिमेस किती सरकेल? येथे एक मिनिट सागरी मैलाचे नसून सुमारे १.७ किलोमीटरचे धरावे, कारण ध्रुवांकडे जाताना रेखावृत्ते एकमेकांजवळ येत जातात. उत्तर सुमारे १२ किलोमीटर येईल.