चावणाऱ्या मुलाच्या आईस

चि. सौ. भाचीस मावशीचे अनेक आशीर्वाद.

बालवाडीच्या बाईंनी चिरंजीवाच्या चावण्याची तक्रार पाठवली आणि त्याच संध्याकाळी त्याला घरी मार बसला, हे वर्तमान आजोळी पोहोचले असून, त्यातील चावण्यापेक्षा माराची गोष्टच मावशीच्या मनाला लागली आहे. तीन वर्षांच्या मुलाने चावणे हे वाईट वळणाचे लक्षण नव्हे. कॅनडातील संशोधक रिचर्ड ट्रेंब्ले यांच्या दीर्घकालीन अभ्यासांनुसार मारणे-ढकलणे साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात सर्वाधिक असते आणि भाषा व संयम वाढतो तसे बहुतेक मुलांत ओसरत जाते.

थोड्या मुलांत ते का टिकते, याचा एक उलगडा अमेरिकेतील ओरेगॉनचे जेराल्ड पॅटरसन यांनी १९८२ साली ग्रंथरूपाने मांडला. आई खेळणी आवरायला सांगते, मूल किंचाळते, दमलेली आई सांगणे सोडते आणि मूल शांत होते. म्हणजे किंचाळले की काम टळते हे मूल शिकते, तर माघार घेतली की शांतता मिळते हे आई शिकते. पुढे दोघांचाही आवाज चढत जातो, एके दिवशी हात उठतो, मूल क्षणभर दबते आणि मारानेच भागते असे आईला वाटू लागते. पॅटरसन यांनी यालाच बळजबरीचे चक्र म्हटले. म्हणून सांगणे आले, की हात उगारू नये. सूचना थोड्या द्याव्यात, दिलेली शांतपणे तडीस न्यावी, आणि मूल नीट खेळत असताना त्याची आवर्जून दखल घ्यावी. चिरंजीवाचे बोलणे उशिराचे असल्याने कानही एकदा तपासून घ्यावेत.

धाकट्या मामाला लहानपणी कसे बडवले जाई, हे भाचीने ऐकलेच आहे. तेव्हा मध्ये पडण्याचा धीर तरुण मावशीला झाला नाही, ही रुखरुख अजून जात नाही, आणि आताचा हा कठोर सूर त्यातूनच आला आहे.

भाचीला दोष देण्याचा यात हेतू नाही. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून मुलांचा अभ्यास करणाऱ्या थॉमस व चेस या दांपत्याला काही मुले जन्मतःच चटकन बिथरणारी आढळली. अशा मुलाची आई नोकरी सांभाळून दमते, यात तिचा अपराध कोणता? दिवाळीपर्यंत न थांबता मायलेकांनी आठवडाभर यावे. मुलाला मावशी सांभाळेल. भाचीने पोटभर जेवावे आणि दुपारी निवांत झोपावे.