नव्या गाड्यांचा शॉकअप : पाना लावण्यापूर्वी ओळखा

मोटारीच्या कामावर पोट असणाऱ्या आपल्या बांधवांची संख्या पुण्यात मोठी आहे. नाना पेठेतील स्पेअर पार्टचे दुकानदार, भवानी पेठ व कोंढव्याकडील गॅरेजवाले, जुन्या गाड्यांचा सौदा करणारे एजंट, या सर्वांच्या हातून रोज शॉकअप जातात. गळका काढायचा, जोडी घालायची, मजुरी घ्यायची, असा हा सरळ व्यवहार होता. आता मात्र आपल्या शेजारच्या चाकणमध्येच अशा गाड्या बनतात की ज्यांचा शॉकअप रस्त्याप्रमाणे स्वतःचा कडकपणा बदलतो. तो साधा समजून हाताळला तर नुकसान भरून द्यावे लागते आणि जुने गिऱ्हाईक तुटते ते वेगळेच.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. शॉक ॲब्सॉर्बर हे नाव थोडे फसवे आहे. खड्ड्याचा धक्का पोटात घेते ती स्प्रिंग. पण स्प्रिंग तो धक्का ठेवून घेत नाही, लगेच परत फेकते. शॉकअप नसेल तर एका गतिरोधकावरून गेलेली गाडी पुढे बराच वेळ डुलत राहील. हे डुलणे थांबविण्याचे काम शॉकअपचे. आतील पिस्टन तेलातून वरखाली होतो, तेल बारीक भोकांतून व झडपांतून कष्टाने जाते, आणि डुलण्याची ताकद उष्णतेत जिरते. खराब रस्त्यावरून लांबचा प्रवास करून आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावला तर तो कोमट लागतो, त्याचे कारण हेच.

आता खरी अडचण येते. भोके मोठी ठेवली तर शॉकअप मऊ होतो. खड्डे कमी जाणवतात, पण कात्रज घाटाच्या वळणावर गाडी कलते, ब्रेक दाबताच नाक खाली घालते. भोके लहान ठेवली तर द्रुतगती मार्गावर गाडी चिकटून पळते, पण पेठेतील उखडलेल्या रस्त्यावर मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची कंबर धरते. साध्या शॉकअपला यांतले एकच निवडता येते. कारखानदार मधला मार्ग काढतो आणि थोडी थोडी तक्रार दोन्ही बाजूंनी राहते.

या कोंडीतून वाट निघते ती एका हिशेबामुळे. गाडीचे धड साधारणपणे सेकंदाला एक ते दोन वेळा, म्हणजे सावकाश हलते. वळण, ब्रेक, झोकांड्या हे सारे या संथ हालचालीत येते. चाक मात्र सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थरथरते. माणसाच्या शरीराला सेकंदाला चार ते आठ या दरम्यानचे उभे हादरे सर्वांत जास्त त्रास देतात. तेव्हा संथ हालचालीला कडक आणि जलद हालचालीला मऊ असा शॉकअप मिळाला तर आरामही राहील आणि पकडही. पकडीचा प्रश्न केवळ वेगाच्या हौसेचा नाही. चाक उडू लागले की टायर रस्ता सोडतो, आणि सुटलेल्या टायरला कितीही चांगला ब्रेक थांबवू शकत नाही.

हे साधण्याचा पहिला प्रकार पूर्ण यांत्रिक आहे. २०२१ साली आलेली महिंद्रची एक्सयूव्ही ७०० आणि २०२२ ची स्कॉर्पिओ-एन, दोन्ही चाकणच्या गाड्या, यांत तो आहे. पिस्टनमध्ये तेलाला एक जादा वाट दिलेली असते आणि त्या वाटेवर एक झडप. ही झडप बंद व्हायला थोडा वेळ लागतो. हालचाल संथ असेल तर तिला वेळ मिळतो, ती बंद होते, शॉकअप कडक होतो. हालचाल झटपट असेल तर ती बंद होण्याआधीच पिस्टन उलटा फिरतो. तेल जादा वाटेने निघून जाते आणि शॉकअप मऊ राहतो. वायर नाही, कॉम्प्युटर नाही. कारागिराच्या दृष्टीने हाच प्रकार सर्वांत फसवा, कारण बाहेरून तो अगदी साध्या शॉकअपसारखा दिसतो. त्या जागी मापाचा साधा शॉकअप बसतोही. गाडी चालते, दिवा लागत नाही, आणि आठ दिवसांनी मालक येऊन म्हणतो, "भाई, गाडी पहिल्यासारखी राहिली नाही." येथे डोळ्यावर न जाता पार्ट नंबरवर जावे.

दुसरा प्रकार विजेचा. महिंद्रने नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखविलेल्या बीई ६ व एक्सईव्ही ९ई या विजेवरच्या गाड्यांच्या काही आवृत्त्यांत तो आहे, आणि त्याही चाकणलाच बनतात. यात गाडीचे धड व चाके किती हलतात हे सेन्सर सांगतात. स्टिअरिंग किती फिरले, ब्रेक किती दाबला, हेही कॉम्प्युटरला कळते. तो शॉकअपमधील विजेच्या झडपेचा करंट कमीजास्त करतो आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत कडकपणा बदलतो. परदेशात या विचाराला बरीच वर्षे झाली. धड जणू आकाशाला टांगले आहे असे मानून शॉकअप चालवावा, ही कल्पना अमेरिकेतील संशोधकांनी १९७४ साली मांडली. २००२ साली कॅडिलॅक गाडीत तर झडपेऐवजी लोखंडाचे सूक्ष्म कण मिसळलेले तेल आले. चुंबकाने ते क्षणात घट्ट होते. एवढे असूनही हे शॉकअप गाडीला स्वतः उचलून धरत नाहीत, फक्त अडवण्याची ताकद बदलतात. वजन उचलण्याचे काम स्प्रिंगचेच.

विजेचा शॉकअप ओळखणे सोपे. त्याला वायर व प्लग असतो. येथे पाना हातात घेण्यापूर्वी स्कॅनर लावावा. दिवा लागला म्हणजे शॉकअप गेला असे नव्हे. पुष्कळदा दोष चाकाजवळच्या उंची मोजणाऱ्या सेन्सरची बारीक दांडी तुटण्याचा किंवा चिखलपाण्याने प्लग गंजण्याचा निघतो. हे काम थोड्या पैशांत होते. ज्याने ते शोधून दिले त्याचे गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही, हे आमचे मत आहे. प्लग काढून साधा शॉकअप बसविला तर दिवा कायमचा लागून राहतो. गाडी दाबून सोडून पाहण्याची जुनी परीक्षाही येथे पुरेशी नाही, कारण बंद गाडीत झडप एकाच ठराविक अवस्थेत असते.

जुन्या मोठ्या गाड्यांच्या सौद्यात असणाऱ्यांनी तिसरी गोष्ट ध्यानात घ्यावी. मर्सिडीझ गाड्या १९९५ पासून पुण्यात जुळविल्या जातात. १९९८ साली जगात आलेल्या एस-क्लासपासून या कंपनीच्या मोठ्या गाड्यांत स्प्रिंगच्या जागी हवेची पिशवी आणि जोडीला कडकपणा बदलणारा शॉकअप आला. आज अशी जुनी गाडी मोहात पाडील अशा भावात मिळते. घेण्यापूर्वी ती रात्रभर उभी करावी आणि सकाळी चारही कोपरे मोजावेत. एक कोपरा बसला असेल तर पिशवी किंवा नळी गळते आहे. कॉम्प्रेसर जळाल्याचे निघाले तर नुसता कॉम्प्रेसर बदलू नये. गळती भरून काढण्यासाठी सतत चालून तो जळालेला असतो. गळती तशीच राहिली तर नवाही जळेल. आणि अशी गाडी जॅकवर घेताना गाडीच्या पुस्तकात दिलेली जॅकची सोय आधी चालू करावी.

जिवावर बेतणारी एक सवयही सांगितली पाहिजे. जुना शॉकअप कापून किंवा तापवून त्यात तेल भरण्याची कला काही उस्तादांना येते. एकनळी गॅसच्या शॉकअपमध्ये २० ते ३० बार इतका दाब असतो; मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-अडीच बार असतो. त्याला गॅस कटर लावणे म्हणजे तोंडासमोर बंदूक उडविणे होय. शिवाय वर सांगितलेल्या झडपा अशा भरणीनंतर कधीच पहिल्यासारख्या चालत नाहीत, मग ते तेल कितीही महाग असो.

दुकानदारांनी मागणी घेताना गाडीचे नाव व साल एवढ्यावर थांबू नये. एकाच मॉडेलच्या एका आवृत्तीत साधा आणि दुसऱ्या आवृत्तीत विजेचा शॉकअप असू शकतो. चॅसीस नंबर विचारावा, जुन्या शॉकअपवरचा नंबर मोबाईलवर फोटो काढून मागवावा आणि तोच नंबर बिलावर लिहावा. एका ॲक्सलचे दोन्ही शॉकअप एकाच नंबरचे द्यावेत. मालकाने स्वस्तात साधा घाला असा आग्रह धरलाच, तर तेही बिलावर लिहून त्याची सही घ्यावी.