ग्लिब : एक निसरडा शब्द

शब्दपरिचयात या वेळी मी एकच इंग्रजी शब्द घेतला आहे. अक्षरे चारच : जी, एल, आय, बी. उच्चार ग्लिब. हे विशेषण आहे. ते माणसाला लावतात, जिभेला लावतात, उत्तरालाही लावतात.

काही जण याचा अर्थ 'वाचाळ' असा करतात. मला तो पटत नाही. वाचाळ माणूस फार बोलतो. ग्लिब माणूस दोनच शब्द बोलेल, पण इतके गुळगुळीत की आपला पुढचा प्रश्न त्यावरून घसरून जावा. या शब्दाचा मूळ अर्थच निसरडा. डच भाषेत त्याचा भाऊबंद शब्द आजही निसरड्या वस्तूला लावतात. ओढ्यातला शेवाळलेला दगड आठवा. (पाय ठेवून बघायला जाऊ नका!)

शेक्सपिअरचे 'किंग लिअर' नाटक 1608 साली प्रथम छापले गेले. म्हातारा राजा तिन्ही मुलींना विचारतो, माझ्यावर जास्त प्रेम कुणाचं? थोरल्या दोघी गोडगोड बोलून राज्याचा वाटा घेतात. धाकटी कॉर्डेलिया म्हणते, असली ग्लिब कला मला येत नाही. तिला काहीच मिळत नाही. पुढे वादळी रात्री म्हाताऱ्याला दार बंद होते ते त्या गोड बोलणाऱ्यांचेच.

फ्लुअंट म्हणजे अस्खलित. ती शाबासकी आहे. ग्लिब ही शाबासकी नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवा.

आता उत्तर ग्लिब कसे असते? समजा, एप्रिलातच गावची विहीर आटली. सभेत कुणी विचारलं, "का हो आटली?" एकजण लगेच म्हणाला, "त्यात काय, पाऊस पडला की भरेल!" हे खोटं आहे का? नाही, भरेलही. पण गाळ किती साचलाय, शेजारची बोअर किती खोल गेली, हे त्याने पाहिलेलंच नाही. डोक्यावर हंडा घेऊन मैलभर जाणाऱ्या बाईला त्या उत्तराचा काय उपयोग? खोटं नाही, तरी ग्लिब. असाच वरवर सोपा उपाय असेल तर त्याला फॅसाइल म्हणतात.

मी वर्गात "समजलं का?" विचारतो, तेव्हा तुम्ही एका सुरात "हो गुरुजी!" म्हणता. त्यातले काही 'हो' मला ग्लिब वाटतात. सोमवारी प्रत्येकाने ऐकलेले एक ग्लिब उत्तर वहीत लिहून आणावे, आणि त्याखाली त्याच प्रश्नाचे स्वतः शोधलेले उत्तर.