“मस्त आहे” म्हणणाऱ्या फौजी पोराच्या आई-वडिलांशी

पोराचा फोन येतो. जेवलास का, थंडी किती आहे, सुट्टी कधी. “एकदम मस्त आहे,” तो म्हणतो. तुम्हीही सांगता, घरचं सगळं ठीक. प्रत्यक्षात बांधाच्या भांडणाची तारीख परवाच होऊन गेलेली असते आणि सूनबाई तापानं पडून असते. दोघंही मायेपोटीच लपवता. पण गावातल्या मित्राकडून त्याला ते कळतंच आणि तिकडे सीमेवर त्याची झोप उडते.

म्हणून पहिलं सांगणं हे, की खरं काय ते सांगा आणि त्यावर काय करतो आहोत तेही सांगा. जमिनीचा, शेजाऱ्याचा त्रास असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज द्या. त्याच्या युनिटमधूनही जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जाऊ शकतं. डोक्यावरचं एवढं ओझं उतरलं तरी पुष्कळ फरक पडतो.

सुट्टीवर आला की त्याच्याकडे नीट बघा. रात्री उठून दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासतो, जत्रेतला सुतळी बॉम्ब वाजला की अंग आकसून घेतो, लेकरू रडलं तर भडकतो, कॅन्टीनची बाटली रोजची झाली आहे. असं दोन-तीन आठवडे चाललं तर त्याला थकवा म्हणून सोडून देऊ नका. देवाला जरूर जा, पण डॉक्टरकडेही जा.

साताऱ्याच्या अपशिंग्यात किंवा कोल्हापूरच्या सैनिक टाकळीत घरटी फौजी. अशा गावात “मला सहन होत नाही” म्हणायला जीभ रेटत नाही. आणि बरेचदा बापही माजी सैनिक. आप्पा, हे खास तुम्हाला सांगते. “आमच्या वेळी असलं काही नव्हतं” हे वाक्य कृपा करून बोलू नका. होतं. 1987 ते 1990 श्रीलंकेत असलेले, 1999 ला कारगिलमध्ये लढलेले कितीतरी जण आजही रात्री घामाघूम होऊन उठतात. तुमच्याही काही रात्री तशा गेल्या असतील. त्या रात्रींबद्दल पोराला सांगा. बापानं आधी तोंड उघडलं की लेकाला बोलायची वाट मिळते. माझ्या मते दहा उपदेशांपेक्षा हे मोठं काम आहे.

तो डॉक्टरला टाळतो त्यामागे कॅटेगरीची, म्हणजे वैद्यकीय श्रेणी घसरण्याची, भीती असते. ती खोटी नाही. फौजेच्या वैद्यकीय तपासणीत मनाची वेगळी श्रेणी असते. उपचार चालू असताना ती खाली येऊ शकते, हत्यारापासून काही काळ लांबही ठेवतात. पण पुढे वैद्यकीय बोर्ड पुन्हा तपासतो आणि बरं वाटल्यावर श्रेणी वर येऊ शकते. लपवून ठेवलं तर दुखणं वाढतं आणि नोकरीही धोक्यात येते.

नोकरीत असेल तर आधी युनिटचे डॉक्टर, मग सैनिकी रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि घरचेही फोन करू शकतात. फौजी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर 2023 पासून आहे. पेन्शनवर आलेल्यांना ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळते. चाळिशीत घरी येऊन कुठेतरी सिक्युरिटीला उभा राहणारा हवालदार आतून किती तुटत असेल, हे फारसं कुणी विचारत नाही. तुम्ही विचारा.

मरणाची भाषा निघाली तर मात्र थांबू नका. त्याला एकटं सोडू नका. परवान्याची बंदूक, शेतातली फवारणीची औषधं घराबाहेर हलवा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. पोलीस केसच्या भीतीनं दडपू नका. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसालाही तीव्र ताणाखालचा मानलं आहे, शिक्षेऐवजी त्याची काळजी घेणं सरकारवर टाकलं आहे.

आणि सूनबाई. लेकरांची शाळा, तुमची दुखणी, फोन न लागलेल्या रात्री, हे सगळं ती एकटी काढते. तिला 14416 वर बोलावंसं वाटलं तर अर्धा तास लेकरं तुमच्याकडे घ्या. काय बोललीस म्हणून नंतर विचारू नका.