लस दिल्यानंतर लक्ष कोण ठेवतं?

प्रश्न : शाळेत गोवर-रुबेलाची लस घेतल्यावर माझ्या मुलीला चक्कर आली. अशा घटनांची नोंद होते का?

उत्तर : होते, आणि व्हायलाच हवी. शाळकरी मुलांना सुईच्या धास्तीने चक्कर येणं नेहमीचं. खरी काळजी तीव्र अ‍ॅलर्जीची. ती बहुधा लगेच दिसते, म्हणूनच अर्धा तास थांबवतात. गंभीर घटना २४ तासांत जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याला कळवली जाते, लसीचा बॅच क्रमांक तपासला जातो, मग तज्ज्ञांची समिती कारण ठरवते. महाराष्ट्रात २०१८ च्या गोवर-रुबेला लसीकरण मोहिमेत ९ महिने ते १५ वर्षांपर्यंतची मुलं होती. एवढ्या मोठ्या वयोगटातल्या मुलांत काहींचं आजारपण निव्वळ योगायोगाचं असणारच. ते चौकशीशिवाय वेगळं काढता येत नाही. त्यामुळे किरकोळ वाटलं तरी आशाताईंना किंवा परिचारिकेला जरूर सांगा.