जुन्या पिकअपचा सायलेन्सर बदलताना

जुन्या पिकअपचा आवाज वाढला की जो तो एकच सल्ला देतो, सायलेन्सर फुटला, नवा टाक. माझी गाडी बीएस-3 काळातली, 2523 सीसीचं डिझेल इंजिन, काम मिरची आणि भाजीपाला वाहायचं. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून हिरवी मिरची भरून निघेपर्यंत गावं झोपायला लागलेली असतात. जाफराबादेत परतताना गल्ली जागी झाली की दुसऱ्या दिवशी शेजारी काय बोलतात, ते इथे छापण्यासारखं नाही.

एका गॅरेजमध्ये लोकल बनावटीचा डबा बसवून घेतला. उभ्या गाडीचा आवाज खरंच बसला. "भाऊ, गाडी चालू हाय का बंद, कळायचं बी नाही," असं मिस्त्री म्हणाला आणि त्या क्षणी ते खरंही होतं. माल भरून चढाला लागल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये केबिनमध्ये असा घुमारा उठला की क्लीनरशी ओरडून बोलावं लागलं. वर गाडी ओढेना, मागे काळा धूर. शेवटी दुसऱ्या मिस्त्रीने तो डबा ग्राइंडरने कापून दाखवला. आत भोकं पाडलेली एकच नळी, भोवती काचेची लोकर आणि तीही एका टोकाला गोळा झालेली. कप्पे नव्हतेच. बाहेर जाणारी नळी मूळ नळीपेक्षा बारीक.

सायलेन्सरच्या डब्यात आवाज मरतो तो दोन प्रकारे. काचेची लोकर तीक्ष्ण, फुसफुसणारा आवाज शोषते. जड, घुमणारा आवाज मारायला पत्र्याचे कप्पे लागतात. त्यांच्यात आवाजाच्या लाटा उलटसुलट फिरून एकमेकींना खातात. डिझेलचा त्रास मुख्यतः या दुसऱ्या आवाजाचा. त्यामुळे कप्प्यांचा आणि पोटाने मोठा डबा हवा. मूळ डब्यापेक्षा छोटा डबा कितीही चकचकीत असला तरी माझ्या मते तो भंगारच. आणि नळी बारीक केली की आवाज कमी होतो, हा गॅरेजमधला समज तर सोडूनच द्या. धुराला वाट कमी पडली की इंजिन तापतं, ओढ जाते, डिझेल जास्त खातं.

पण डबा घेण्याआधी एक काम करा. पहाटे इंजिन थंड असताना गाडी चालू करा आणि कुणाला तरी मागच्या नळीच्या तोंडावर जाड ओलं फडकं क्षणभर धरायला सांगा. गळती असेल तिथून फुस्स ऐकू येतं. जोडाभोवती काजळीची काळी रेघ दिसली तर ती गळतीचीच खूण. थंड इंजिनवर टकटक आणि गरम झाल्यावर ती कमी, असं होत असेल तर मॅनिफोल्डचं गॅस्केट बघा. माझ्या गाडीत तेही गेलेलं होतं, आणि पहिल्या गॅरेजने तिकडे पाहिलंच नव्हतं. गॅस्केटचा खर्च डब्याच्या मानाने किरकोळ असतो. गळणाऱ्या जोडातून विषारी वायू केबिनमध्ये शिरू शकतो, हे वेगळंच.

दुकानात एकाच मापाचे दोन डबे हातात घेऊन पाहा. जड असेल त्यात पत्रा जाड आणि कप्पे जास्त असण्याची शक्यता मोठी. हलवल्यावर आत काही खुळखुळलं तर परत ठेवा. बाहेरचा रंग पाहून भुलू नका, कारण सायलेन्सर आतून गंजतो. गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारल्या की डबा नीट तापत नाही आणि धुरातलं पाणी आतच साचतं. काही डब्यांना बुडाशी बारीक भोक असतं, ते पाणी निघायलाच. वेल्डिंगवाले ते हौसेने बुजवतात, त्यांना आवरा. वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढायला लावा. लटकवायची रबरं नवीच टाका. जुनी रबरं कडक झालेली असली की डब्याची थरथर थेट चेसीत उतरते आणि सायलेन्सर चांगला असूनही केबिन घुमते.

गाडी बीएस-4 किंवा नंतरची असेल तर डब्याआधीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुणालाही काढू देऊ नका. त्यातल्या महागड्या धातूंसाठी भंगारात त्याला चांगला भाव येतो, हे काढणाऱ्याला नेमकं माहीत असतं.

कायदा फटफट आवाज करणाऱ्या मोटारसायकलींपुरता नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 120 प्रमाणे प्रत्येक गाडीला सायलेन्सर लागतो. मोटार वाहन कायद्याच्या ध्वनी-वायू प्रदूषणाबाबतच्या कलम 190(2) खाली 2019 च्या दुरुस्तीपासून पहिल्या गुन्ह्यालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे.

आपल्या भागात कापूस वाहणाऱ्यांनी तर हयगय करूच नये. फुटक्या जोडातून निघालेली गरम झळ किंवा ठिणगी हौद्याखाली लागली तर वरचा माल वाचत नाही. तापलेल्या सायलेन्सरची गाडी खळ्यावर सोयाबीनच्या कुटारावर उभी करणं तितकंच वाईट.

पूर्ण पैसे द्यायच्या आधी माल भरलेली गाडी चढावर नेऊन आणा, मिस्त्रीला शेजारी बसवून. तो यायला तयार नसेल तर डबा दुसरीकडून घ्या.